मुरमाला थोडी माती लागतेच

आमच्याकडं मुरूम घ्यायचा म्हटलं की माणूस आधी रंग बघतो. तांबडा असला की खूश, पिवळट असला की नाक मुरडतो, आणि ढिगात हात घातल्यावर बोटांना माती लागली की मग ट्रॅक्टरवाल्याचं काही खरं नाही. "माती विकायलास का रे आम्हाला? माती काय आमच्या रानात कमी हाय?" परभणी-हिंगोलीपासून लातूर-धाराशिवपर्यंत कुठंही जा, पाणंद रस्त्याचा विषय निघाला की पारावरचं एकमत ठरलेलं, मुरूम कसा निव्वळ खडा पाहिजे. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून माती तपासायच्या लॅबमध्ये चाळण्या हलवत बसलेला माणूस, मला हे मत मान्य नाही. निव्वळ खडा रस्त्यावर टिकत नाही. मुरमाला थोडी माती लागतेच, फक्त किती आणि कसली ही खरी भानगड आहे.

आमच्या गावाकडच्या पाणंदीचंच बघा. लोकांनी वर्गणी काढून मुरूम टाकला, विहिरीपर्यंतचा तुकडा एकदम स्वच्छ खड्याचा, माळावरून निवडून आणलेला, आणि पुढं पैसे कमी पडले म्हणून उरलेल्या तुकड्यावर कुणीतरी स्वस्तातला मातकट मुरूम आणून ओतला. पहिल्याच गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या आणि स्वच्छ खड्याच्या तुकड्यात चाकोऱ्या पडल्या, खडा चाकाखालून सरकून दोन्ही बाजूंना वरंब्यासारखा साचला, आणि पाऊस पडल्यावर तर खालची काळी माती त्या खड्यांच्या फटींतून वर आली. आमच्याकडं म्हणतात, काळीनं मुरूम गिळला. मातकट मुरमाचा तुकडा मात्र पाणी मारून रोलर फिरवल्यावर जो बसला तो बसला. आमच्या आबांना हे दाखवलं तर म्हणाले, "तिकडं चढ हाय, पाणी थांबत नाही म्हणून टिकलाय, तुझ्या लॅबचं नको सांगू." चढाचा मुद्दा खोटा नाहीच. पण चढ काही खडा बाजूला सरकू नये म्हणून धरून ठेवत नाही.

मी आबांना जे सांगितलं तेच इथं सांगतो. एक पोतं घ्या आणि त्यात जालन्याची मोसंबी भरा. पोतं भरलं असं वाटतं, पण आत किती मोकळी जागा आहे? सगळे गोळे एकाच मापाचे असले तर कितीही नीट रचा, कमीत कमी २६ टक्के जागा रिकामीच राहते, आणि नुसते ओतले तर ३५-४० टक्के. गंमत म्हणजे माप बदलून काही होत नाही, मोसंबीच्या जागी लिंबं भरा नाहीतर हरभरा भरा, माप एकसारखं असलं की रिकाम्या जागेची टक्केवारी तीच. आता त्याच मोसंबीच्या पोत्यात ज्वारी ओता आणि पोतं हलवा, ज्वारी फटींत उतरेल, मोसंबी जागची हलणार नाही. ज्वारीच्या फटींत पीठ जाईल. पोतं तेवढंच राहिलं, वजन वाढलं, आणि आता लाथ मारली तरी आतलं मोसंबं हलत नाही कारण त्याला सगळीकडून टेका मिळालाय. पण पीठ इतकं घातलं की मोसंबी एकमेकांना टेकायचीच बंद झाली, पिठात तरंगायला लागली, तर मग ते पोतं मोसंबीचं राहत नाही, पिठाचं होतं. जमिनीचं अगदी हेच आहे, बारीक कण ढोबळमानाने २५ ते ३५ टक्क्यांच्या वर गेले की खडे नुसते नावाला राहतात, ताकद ठरवते ती बारीक माती.

हे ज्ञान काही आजकालचं नाही. फुलर आणि थॉम्पसन या दोन अमेरिकन इंजिनियरांनी १९०७ साली काँक्रीटवर काम करताना एक वक्र मांडला, तो आजही शिकवतात. सर्वांत मोठ्या खड्याचं माप धरायचं, मग कुठल्याही चाळणीखाली किती माल जायला पाहिजे ते वर्गमुळानं काढायचं. म्हणजे मोठा खडा ४० मिलिमीटरचा असेल तर १० मिलिमीटरच्या चाळणीतून निम्मा माल खाली गेला पाहिजे, अडीच मिलिमीटरमधून पाव, आणि ०.४ मिलिमीटरमधून दहावा हिस्सा. पंचाहत्तर मायक्रॉनच्या चाळणीतून, म्हणजे जिची भोकं साधारण आपल्या केसाच्या जाडीएवढी असतात, चार-पाच टक्के. हा सगळ्यांत घट्ट बसणारा माल झाला. निव्वळ खड्याच्या मुरमात हे मधलं आणि खालचं काहीच नसतं.

लॅबमध्ये आम्ही करतो ते काम बाहेरून बघणाऱ्याला फार कंटाळवाणं वाटेल. नमुना भट्टीत १०५-११० अंशाला वाळवायचा, धुवून परत वाळवायचा, मग चाळण्यांची उतरंड लावायची, वर मोठ्या भोकाची, खाली बारीक, आणि मशीन सुरू केलं की तो खडखडाट, जो घरी गेल्यावरही कानात राहतो. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे ४.७५ मिलिमीटरच्या वरचा तो खडा, त्याखाली ७५ मायक्रॉनपर्यंत वाळू, त्याखाली २ मायक्रॉनपर्यंत पोयटा, आणि त्याच्याही खाली चिकणमाती. प्रत्येक चाळणीवर किती उरलं ते तोलून कागदावर रेष काढायची. ती रेष उभी कड्यासारखी कोसळत असली तर माल एकाच मापाचा, सावकाश तिरकी उतरत असली तर सगळ्या मापांचा, आणि मध्येच आडवी पडली असली तर मधलं एखादं माप गायब. मला आता रेष बघूनच रोलरखाली काय होणार ते बऱ्यापैकी कळतं. रेषेवरून एक गुणोत्तरही काढतात, ज्या मापाखाली ६० टक्के माल आहे त्याला ज्या मापाखाली १० टक्के आहे त्यानं भागायचं. खड्याच्या बाबतीत हे ४ च्या वर आणि वाळूच्या बाबतीत ६ च्या वर गेलं तर बरं लक्षण, अर्थात रेष मध्ये आडवी पडलेली नसेल तर.

ताकद येते कुठून तर घासण्यातून. मातीवर वजन आलं की एक कण दुसऱ्यावर घसरायला बघतो, आणि त्याला जितक्या ठिकाणी टेका मिळालाय, जितके त्याचे कोपरे अडकलेत, तितका तो अडून बसतो. नदीची गोल, एकाच मापाची, सैल वाळू असेल तर घर्षणाचा कोन, म्हणजे कण एकमेकांवर घसरायला किती अडतात त्याचं माप, ३० अंशाच्या आसपास, आणि टोकदार, सगळ्या मापांची, नीट दाबलेली खडी-कच असेल तर तो ४० च्या वर जातो. दहा-बारा अंशांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण पायाखालच्या जमिनीची वजन पेलायची ताकद त्या कोनाबरोबर सरळ वाढत नाही, उड्या मारत वाढते. सैल, एकमापी, बारीक वाळू पाण्यानं भरलेली असेल आणि वरून भूकंपाचा हादरा बसला तर तिचं अक्षरशः पाणी होतं, कच्छच्या रणात २००१ साली जमिनीतून वाळू-पाण्याचे फवारे आले होते ते यामुळेच. आपल्याकडं तसली जमीन फारशी नाही, आपला ताप वेगळा.

आता मुद्द्यावर येतो, किती माती? याचं उत्तर रस्ता कोणता त्यावर आहे आणि इथंच लोकांचा गोंधळ होतो, अगदी शिकलेल्या लोकांचाही. वर डांबर येणार असेल तर खालच्या थराचं काम पाणी बाहेर काढून देणं हेही आहे, म्हणून त्यात बारीक माती कमी, ती पण फार चिकट नको. डांबराखालच्या थरात मातीचा चिकटपणा मोजायचा जो निर्देशांक आहे तो ६ च्या आत पाहिजे असं धरतात. पण पाणंदीवर डांबर कुठलं! तिथं मुरूमच छप्पर आणि मुरूमच फरशी. वरचं पाणी आत न जाता बाजूच्या चरीत वाहून गेलं पाहिजे आणि उन्हाळ्यात खडे सुटे होऊन उडाले नाही पाहिजेत, म्हणून तिथं ७५ मायक्रॉनखालची माती साधारण १०-१५ टक्के असलेली बरी, थोडी चिकट असलेली बरी. एकच ढीग डांबराखाली नापास आणि पाणंदीला पास होऊ शकतो. आता कॉन्ट्रॅक्टरला आणि गाववाल्याला एकाच वेळी हे पटवून देणं म्हणजे, जाऊ द्या.

पाण्याचंही तसंच. कोरडा मुरूम कितीही दाबा, बसत नाही, कण एकमेकांवर अडकून राहतात. थोडं पाणी मारलं की कण सरकून आपापल्या फटीत जातात, आणि पाणी जास्त झालं की फटीत पाणीच बसतं, कणाला जागा उरत नाही. प्रॉक्टर नावाच्या इंजिनियरानं १९३३ मध्ये हे मोजायची पद्धत दिली आणि लॅबमध्ये रोज त्याच्या नावानं हातोडा पडतो. चांगल्या मुरमाला वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास पाणी लागतं आणि तो घनमीटरला दोन टनांच्या जवळ बसतो. काळ्या मातीला त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी लागतं आणि तरी ती दीड टनाच्या आसपासच राहते.

काळीबद्दल बोलल्याशिवाय मराठवाड्यातल्या मातीबद्दल बोलणं पुरं होत नाही. बेसाल्ट खडक झिजून झालेली ही माती, निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त कण २ मायक्रॉनच्या खालचे. इथं मात्र नुसत्या मापानं गणित सुटत नाही, तेवढं मान्य केलं पाहिजे. त्याच मापाची केओलिन जातीची माती पाण्यात इतकी फुगत नाही, कारण कण कुठल्या खनिजाचा आहे हे महत्त्वाचं, आणि काळीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज आहे, ज्याच्या एका ग्रॅममधल्या सगळ्या पापुद्र्यांचा पृष्ठभाग मोजला तर ८०० चौरस मीटरपर्यंत भरतो. एवढ्या पृष्ठभागावर पाणी चिकटणार म्हटल्यावर ती फुगणारच. मे महिन्यात रानात जा, भेगेत अख्खा हात जातो आणि ढेकूळ पायाला लागलं तर रक्त निघतं इतकं कडक. तीच जमीन जुलैत चप्पल काढून घेते. उन्हाळ्यातला कडकपणा बघून पाया थोडक्यात उरकणारे लोक मी बघितलेत, मग दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते आणि सगळा दोष गवंड्यावर.

यावर उपाय शोधणारी माणसं आपल्याच देशातली. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, या मातीसाठी विकसित केले, म्हणजे वरचा थर फुगला-आकसला तरी पाया खाली घट्ट रोवलेला राहतो. आणि आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवलं की काळीवर साधारण मीटरभर जाडीचा, न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर दाबून टाकला तर खालचं फुगणं बरंचसं आवरतं. मला यातलं चिकट हे महत्त्वाचं वाटतं. काळी खोदून त्या खड्ड्यात नुसती वाळू भरली तर पाणी त्या वाळूतून सरळ खाली उतरून साचतं आणि काळीला आयतं प्यायला मिळतं. मुरूम टाकायचा तोही असा पाहिजे की ज्याच्यात माती आहे. पुन्हा तेच.

घरांकडं आलो की किल्लारी टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले, चार वाजायच्या जरा आधी सहा रिश्टरच्या वरचा धक्का, आणि लातूर-धाराशिवच्या गावांत आठ-दहा हजार माणसं गेली. माझ्या वयाच्या प्रत्येकाकडं त्या पहाटेची आपापली गोष्ट आहे, ती मी इथं उगाळत नाही, मी भिंतीबद्दल बोलतो. ती भिंत बाहेरून अडीच-तीन फूट जाड, किल्ल्यासारखी, पण खरं तर त्या दोन भिंती होत्या, एक बाहेरच्या दगडांची आणि एक आतल्या दगडांची, आणि मधल्या पोकळीत बारीक दगडगोटे आणि माती सैल टाकलेली. दोन्ही बाजूंना जोडणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. हादरा बसला की सैल भरलेला माल खाली बसतो, हा त्याचा स्वभावच, आणि खाली बसताना तो पाचरीसारखा दोन्ही बाजूंना भिंती बाहेर ढकलतो. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला गळू नये म्हणून बारीक, चिकट पांढऱ्या मातीचा थर वर टाकायचा आणि चोपायचा, जुना काढायचा नाही. पाणी अडवायला ती माती उत्तम, त्यात शंकाच नाही, आमच्या आजीच्या घराचं माळवद मी गळताना बघितलं नाही. पण फूटभर जाडीचा थर धरला तर दहा बाय दहाच्या खोलीवर साडेचार टन माती होते, आणि बऱ्याच घरांवर ती फुटाहून जास्त होती. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा बऱ्याच ठिकाणी उभा राहिला आणि भिंती गेल्या, असंही तेव्हा दिसलं.

बहात्तरच्या दुष्काळात गावोगाव पाझर तलाव झाले, आजी त्या कामावर खडी फोडायला होती, सुकडी खाऊन. मातीचा बांध किंवा धरण म्हणजे मापांच्या खेळाचा कळस आहे असं मला वाटतं. आत हार्टिंग, म्हणजे चिकण काळी, जी पाणी अडवते पण एकटी उभी राहू शकत नाही, उतार जरा उभा केला की घसरते. बाहेर केसिंग, म्हणजे मुरूम, जो उभा राहतो पण पाणी अडवत नाही. दोघांच्या मध्ये जर नुसता मोठा खडा घातला तर पाझरणारं पाणी आतल्या मातीचा कण न् कण त्या खड्याच्या फटीतून घेऊन जातं, आधी गढूळ झरा दिसतो, मग बिळासारखी वाट होते, मग बांध फुटतो. म्हणून मध्ये वाळूचा फिल्टर, आणि त्या वाळूचं माप कसं ठरवायचं हे टेर्झागी नावाच्या इंजिनियरानं सांगून ठेवलंय, फिल्टरमधला बारीक कण हा आतल्या मातीतल्या जाड कणाच्या चार-पाच पटींहून मोठा नको, म्हणजे आतला जाड कण फटीत अडकतो, तो त्याच्याहून बारकाला अडवतो, आणि दार बंद होतं. बांधाखाली झरा स्वच्छ असेल तर फार घाबरायचं कारण नसतं, पण गढूळ आला तर त्याच दिवशी कुणाला तरी फोन करा. आणि आमच्या पाणंदीवर काळीनं मुरूम गिळला तोही हाच प्रकार उलट्या दिशेनं, खालून वर. खड्याच्या आधी चार बोटं वाळू-कचेचा थर टाकला असता तरी चाललं असतं.

आणि ज्याच्यात मोठा खडा आहे, पीठही आहे, पण मधली ज्वारी नाही, असा मुरूम सगळ्यांत फसवा. बघायला छान, हातात घेतला तर चिकट, पण पाणी वाहिलं की पीठ फटींतून निघून जातं आणि खडा उरतो. २०२५ च्या सप्टेंबरमधल्या पावसानं मराठवाड्यात शेकडो गावांत रानं खरडून नेली, तेव्हा रस्त्यांच्या कडाही अशाच पोखरल्या गेलेल्या मी बघितल्या. पाण्याला सगळ्यांत सोपी जाते ती बारीक वाळू, खडा जड म्हणून अडतो आणि निबर चिकणमाती एकमेकींना धरून बसते म्हणून अडते, अर्थात नांगरलेली नसेल तर.

तलावातला गाळ काढून मुरमाड रानात टाकायचं जे चाललंय त्याबद्दल मला कुणीतरी विचारतंच, तर रानासाठी ते चांगलंच आहे, ओल धरून ठेवायला बारीक कण पाहिजेतच. फक्त टाकून पसरून नुसतं सोडू नका, खालच्या मुरमात मिसळा, नाहीतर वर चिबडतं आणि खाली कोरडं राहतं.

तर मुरूम कसा बघायचा? लॅबला पाठवायचे पैसे आणि वेळ नसेल तर घरी एवढं करा. चाळून मोठे खडे बाजूला काढा आणि त्यांचा अंदाज वेगळा घ्या. उरलेला माल सरळ उभ्या अंगाच्या पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा भरा, बाकी पाणी, चिमूटभर कपड्याची पावडर टाका म्हणजे गुठळ्या सुटतील, मीठ टाकू नका कारण मिठानं बारीक माती उलट गोळा होऊन लवकर खाली बसते आणि अंदाज चुकतो. चांगली पाच मिनिटं हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटभरात खाली बसेल, तिथं पेनानं खूण करा. पोयटा बसायला काही तास लागतात, दोन मायक्रॉनच्या कणाला दहा सेंटिमीटर उतरायलाच सात-आठ तास लागतात, म्हणून दुसरी खूण सकाळी. त्याच्या वर जे येतं आणि जे अजून पाण्यात गढूळ तरंगतंय ती चिकणमाती. पाणंदीसाठी, बाजूला काढलेले खडे हिशोबात धरून, पोयटा आणि चिकणमाती मिळून सातवा ते दहावा हिस्सा भरत असेल आणि मधे वाळूचा थर चांगला जाड दिसत असेल तर रंग कसलाही असो, घेऊन टाका. आबांना मी ती बाटली करून दिलीय, ते म्हणतात आधी भाव कमी करायला सांग त्याला, माती हाय त्यात.